हेड गॅसकेट आणि बोअरचं पाणी

धुळे-सोलापूर महामार्गाने बीड सोडलं की थोड्याच वेळात मांजरसुंब्याचा घाट लागतो. एप्रिल-मेच्या दुपारी पारा ४० अंशांच्या पुढे गेलेला असताना या चढावर बॉनेट उघडून उभी असलेली गाडी दिसली, तर कुणाला नवल वाटत नाही. तेलगावकडून धारूरला चढतानाही तेच. तो घाट अरुंद, वळणं जवळजवळ आणि पुढे भरलेला ट्रक असेल तर पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच वर जायचं. गाडी टोचन करून गॅरेजला आणली की सगळे म्हणतात, "घाटात गॅसकेट उडालं." हे खरं असतं, पण अर्धंच. घाटाने शेवटचा धक्का दिलेला असतो. गॅसकेटचं मरण बहुतेक वेळा कित्येक महिने आधी, घराच्या अंगणात सुरू झालेलं असतं. रेडिएटरमध्ये पाणी कमी दिसलं म्हणून कुणीतरी बोअरची बादली उचलून ओतलेली असते, तेव्हाच.

हे नीट कळायला आधी हेड उतरवून आत पाहायला हवं.

इंजिनाचे दोन मोठे भाग असतात. खाली ब्लॉक, त्यात सिलिंडर आणि पिस्टन. वर हेड, त्यात व्हॉल्व्ह आणि स्पार्क प्लग किंवा इंजेक्टर. दोन्ही बोल्टांनी एकमेकांवर आवळलेले असतात आणि त्या सांध्यात जे पातळ पान बसतं ते हेड गॅसकेट. जुने मिस्त्री त्याला हेड पॅकिंगच म्हणतात. जाडी साधारण एक-दीड मिलिमीटर. त्याला मोठी गोल भोकं असतात ती सिलिंडरची, आणि भोवती लहान भोकं असतात ती पाण्याची, ऑइलची आणि बोल्टांची. पेटलेला वायू, दाबाखालचं ऑइल आणि गरम पाणी या तीन गोष्टी एकमेकींपासून बोटभर अंतरावर वाहत असतात. त्यांची गाठ पडू न देणं एवढंच या पानाचं काम, पण त्यासाठी त्याला जे सोसावं लागतं ते पाहिलं की त्याच्याविषयी आदर वाटू लागतो.

साध्या पेट्रोल गाडीचा साडेसात सेंटीमीटर व्यासाचा सिलिंडर घ्या. इंधन पेटतं तेव्हा आतला दाब ६० बारच्या आसपास जातो. एक बार म्हणजे साधारण दर चौरस सेंटीमीटरला एक किलो. म्हणजे त्या एका सिलिंडरवर हेड वर उचलू पाहणारा जोर अडीच टनांहून जास्त झाला. आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात दाब १५० बारच्या पुढे जातो, तिथं हाच जोर दुपटीच्या वर पोचतो. इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये हा दणका मिनिटाला १००० वेळा बसतो. आतल्या ज्वाळेचं तापमान २००० अंशांच्या वर, आणि त्याच पानाच्या दुसऱ्या कडेला ९० अंशांचं पाणी.

त्यात आणखी एक अडचण आहे. अ‍ॅम्बॅसडरसारख्या जुन्या पेट्रोल गाड्यांत हेडही बिडाचं आणि ब्लॉकही बिडाचा असायचा. तापले की दोघे सारखेच फुगायचे. पुढे वजन कमी करण्यासाठी आणि उष्णता लवकर बाहेर टाकण्यासाठी हेड अ‍ॅल्युमिनियमचं झालं. बऱ्याच डिझेल गाड्यांत मात्र खाली ब्लॉक बिडाचाच राहिला. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ४० सेंटीमीटर लांबीचं हेड ७० अंशांनी तापलं तर ते सुमारे ०.६४ मिलिमीटर वाढतं, खालचा ब्लॉक जेमतेम ०.३. गाडी सुरू होऊन गरम झाली की हेड गॅसकेटवर सरकतं, बंद करून गार झाली की परत जागेवर येतं. रोज सकाळ-संध्याकाळ. गाडी तिच्या ठरलेल्या तापमानात राहिली तर गॅसकेट हे घासणं वर्षानुवर्षं सोसतं. तापमान ११५-१२०च्या वर गेलं की हेड बोल्टांमध्ये जखडलेलं असताना आणखी फुगू पाहतं, त्याला जागा मिळत नाही, आणि ते वाकतं. केसाच्या जाडीएवढा बाक पुरेसा असतो. सहसा दोन सिलिंडरांमधली गॅसकेटची चिंचोळी पट्टी आधी जाते, कारण तिथं दोन्ही बाजूंनी आग असते.

गॅसकेट बनवण्याची कला याच अडचणींतून घडत गेली. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीने सुटं निघणारं हेड घरोघरी नेलं. त्याआधी अनेक इंजिनांत हेड आणि सिलिंडर एकसंध ओतलेले असत. सांधा नव्हता म्हणून गळती नव्हती, पण व्हॉल्व्ह घासायचे तर मोठा खटाटोप. हेड सुटं झालं आणि दुरुस्ती गावातल्या मिस्त्रीच्या आवाक्यात आली. त्या काळात तांब्याच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस भरलेली पॅकिंगं चालत. आपल्याकडे विहिरीवरच्या डिझेल इंजिनांनी हे ज्ञान खेडोपाडी पोचवलं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ साली उभी राहिली, आणि गावात वीज पोचण्याआधी पाणी उपसायला इंजिनच होतं. तांब्याचं पॅकिंग एकदा दबलं की कडक होतं. ते लाल होईपर्यंत तापवून गार केलं की पुन्हा मऊ पडतं आणि परत बसवता येतं. ही युक्ती शास्त्राला धरून आहे. पण ती तांब्यापुरतीच. आजच्या बहुतेक गाड्यांत स्टीलच्या तीन-चार पातळ पत्र्यांचं गॅसकेट असतं. त्याला भोकांभोवती स्प्रिंगसारखी उठलेली कड आणि वरून रबराचा बारीक लेप असतो. ते एकदा आवळलं की त्याचं काम तिथंच कायमचं ठरलं. उतरवलं की फेकायचं.

आता बादलीकडे येऊ.

बीड जिल्हा दख्खनच्या काळ्या कातळावर, बालाघाटाच्या रांगांत वसलेला आहे. इथल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. घरातल्या पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर चढतो तो याच क्षारांचा. पिण्यासाठी आपण जारचं पाणी आणतो आणि गाडीला बोअरचं पाजतो. इंजिनात ते पाणी रोज ९० अंशांना तापतं, क्षार वेगळे होतात आणि नेमके सर्वांत गरम जागी, म्हणजे सिलिंडर आणि व्हॉल्व्हच्या भोवती बसतात. हा थर बिडाच्या तुलनेत वीसेक पटींनी कमी उष्णता वाहून नेतो. त्यामुळे मीटरवर पाण्याचं तापमान ठीक दिसत असतं आणि थराच्या पलीकडे धातू मात्र भाजत असतो. रेडिएटरच्या बारीक नळ्याही याच क्षाराने आणि गंजाने बुजत जातात. उन्हाळ्यात तळं आटलं, टँकर आला, की त्या पाण्यात गाळही असतो.

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसतच नाही. क्षारांचं पाणी वीज वाहतं. अ‍ॅल्युमिनियमचं हेड, स्टीलचं गॅसकेट आणि बिडाचा ब्लॉक अशा तीन धातूंमध्ये असं पाणी उभं राहिलं की अ‍ॅल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं. हेड उतरवलं की पाण्याच्या भोकांभोवती खड्डे पडलेले दिसतात. तिथं नवं गॅसकेट कितीही चांगलं आणा, त्याला टेकायला सपाट जागाच उरलेली नसते.

"आपल्याकडे काय बर्फ पडतो का? मग कूलंट कशाला?" हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. प्रश्न चुकीच्या समजुतीवर उभा आहे. कूलंट म्हणजे ग्लायकॉल, पाणी आणि गंज रोखणारी रसायनं. गोठू न देणं हा त्याचा एक गुण झाला. आपल्याला बाकीचे दोन हवेत: ते धातू खाऊ देत नाही आणि उकळायला उशीर लावतं. बीड समुद्रसपाटीपासून ५०० मीटरच्या थोडं वर आहे, त्यामुळे इथं उघड्यावरचं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. कुकरच्या शिट्टीप्रमाणे रेडिएटरचं झाकण आत दाब धरतं. ०.९ बारच्या झाकणाने तोच आकडा ११८ च्या जवळ जातो, आणि निम्मं कूलंट असेल तर सव्वाशेच्या पुढे. म्हणून झाकणाची रबरी चकती फाटली असेल, किंवा दुसऱ्याच गाडीचं झाकण बसवलं असेल, तर मे महिन्यात ती गाडी उकळणारच. सगळ्या कूलिंग सिस्टिममध्ये झाकणाइतकी स्वस्त आणि इतकी दुर्लक्षित वस्तू दुसरी नाही. अर्थात जास्त कूलंट म्हणजे जास्त थंडावा असं नाही. उष्णता वाहून नेण्यात निव्वळ पाणी सरसच असतं, ग्लायकॉल वाढवत गेलं तर उलट ताप होतो. गाडीच्या पुस्तकात दिलेलं प्रमाण, बहुतेक निम्मं-निम्मं, तेच ठेवावं आणि मिसळायला बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर घ्यावं. 'रेडी टू यूज' डबा असेल तर त्यात पाणी घालूच नये. हिरवा, लाल, निळा हे रंग कंपनीच्या मर्जीचे आहेत, त्यावरून जात ओळखता येत नाही. एक सावधगिरी मात्र अगदी जिवाची: ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. काढलेलं कूलंट अंगणात सांडू नये, कुत्री आणि जनावरं ते चाटतात, आणि ते पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच भरून ठेवू नये.

गॅरेजमध्ये आणखी एक उपाय सर्रास होतो. गाडी गरम होते अशी तक्रार आली की थर्मोस्टॅट, ज्याला आपल्याकडे नुसतं 'वॉल्व्ह' म्हणतात, काढून टाकायचा. "मालक, वॉल्व्हच काढलाय, आता टेन्शन नाही." या वाक्याने ग्राहक समाधानाने घरी जातो. हिवाळ्यात सगळं ठीक वाटतं. पण त्या गाडीचं इंजिन आता नीट गरमच होत नाही, डिझेल जास्त खातं, आतली झीज वाढते. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बगलेची वाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते, पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरत राहतं आणि घाटात गाडी आधीपेक्षा जास्त तापते. थर्मोस्टॅट खराब असेल तर नवा बसवावा. तो काढणं म्हणजे दुखणं झाकणं.

ऊसतोडीच्या ट्रॅक्टरांचं दुखणं वेगळं आणि जास्त महाग आहे. दिवाळीच्या सुमाराला जिल्ह्यातून मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात आणि त्यांच्याबरोबर ट्रॅक्टरही जातात, अनेकदा कर्जाचे. मागे दोन ट्रॉल्या, वेग कमी, भार पूर्ण आणि शेतातून बाहेर पडताना उडणारं पाचट. हे पाचट आणि धूळ रेडिएटरच्या पुढच्या जाळीवर आणि पत्र्यांमध्ये बसते. दिवसाच्या शेवटी जाळीला हात लावला तर तळव्याला वाळलेल्या पानाचा भुगा लागतो. ज्यातून वारा जायचा ते सगळं बुजलेलं असतं आणि आत कूलंट कितीही उत्तम असलं तरी उपयोग नसतो. रोज संध्याकाळी इंजिन गार झाल्यावर जाळी काढून झटकावी आणि हवा इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारावी. बाहेरून मारली तर कचरा आणखी आत रुततो. बऱ्याच ट्रॅक्टरांत ओले लायनर असतात, म्हणजे सिलिंडरच्या आत बसवलेल्या सुट्या नळीला, लायनरला, बाहेरून थेट पाणी लागतं. साध्या पाण्यावर चालवलेल्या अशा इंजिनात लायनरला बाहेरून बारीक भोकं पडत जातात, आणि ऑइलमध्ये पाणी आलं की सगळे गॅसकेटला दोष देतात. ऐन हंगामात ट्रॅक्टर आठवडाभर उभा राहिला तर त्या घराने आगाऊ घेतलेली उचल फेडायची लांबते, म्हणून हे मी जरा तळमळीने लिहितो आहे.

गॅसकेट जायला लागलं की ते सांगतं, ऐकणारा हवा. कुठे थेंब पडत नाही आणि तरी कूलंट आठवड्याला खाली जातं. सकाळी गार इंजिनावरसुद्धा रेडिएटरचा वरचा होज दाबला तर कडक लागतो. झाकण उघडं ठेवून गार गाडी सुरू केली तर पाण्यात एकसारखे बुडबुडे येतात. तो सिलिंडरमधला वायू असतो. गाडी पूर्ण गरम झाल्यावरही मागून दाट पांढरा धूर येत राहतो आणि त्याला गोडसर वास असतो. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ तपकिरी दिसतं. यातली एखादी खूण दिसली म्हणून लगेच हेड खोलायला मात्र देऊ नये. डिसेंबरच्या सकाळी पहिली दोन मिनिटं पांढरी वाफ सगळ्याच गाड्या सोडतात. ऑइलच्या झाकणाखाली थोडी पांढरी साय जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीतही जमते. खात्री करायची साधनं आहेत: कूलिंग सिस्टिमला हाताच्या पंपाने दाब देऊन तो टिकतो का ते पाहणं, प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजणं आणि रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रावाची नळी धरणं. कूलंटमध्ये जळालेला वायू येत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने पेट्रोल गाडीत तो द्राव पिवळा होतो. या तपासण्यांना तासभर लागतो. न करता हेड उतरवणाऱ्या गॅरेजला गाडी देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

जुना ट्रॅक्टर किंवा गाडी घ्यायला जाणाऱ्यांनीही याच खुणा पाहाव्यात. पहाटे जावं, इंजिन गार असेल तेव्हा, आणि झाकण आपल्या हाताने उघडावं. विक्रेत्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जावं. पाण्यात पिवळट गाळ आणि हळदीचा वास आला तर समजावं की गळती हळदीने बुजवली आहे. रस्त्यात अडकलेल्याने घर गाठण्यापुरती ही युक्ती ठीक, पण तीच हळद पुढे रेडिएटरच्या आणि हीटरच्या नळ्या बुजवते.

घाटात काटा वर चढू लागला तर एसी लगेच बंद करावा, काचा उघडून हीटर पूर्ण सोडावा. उकाड्याने जीव जाईल, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. तरीही काटा उतरला नाही तर जागा बघून थांबावं आणि इंजिन बंद करावं. "पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ" हे दोन किलोमीटरच हेड वाकवतात. अनेक छोट्या गाड्यांत आता काटाच नसतो, नुसता लाल दिवा असतो. तो लागला की वेळ जवळजवळ संपलेली असते. काट्यावरही आंधळा विश्वास नको. तो पाण्याचं तापमान मोजतो, आणि पाणीच संपलं तर सेन्सर कोरडा पडून काटा खाली येऊ शकतो. काटा एकदम उतरला, हीटरमधून अचानक गार हवा आली आणि इंजिनाचा आवाज बदलला, तर गाडी त्याच क्षणी थांबवायची. गरम झाकण उघडू नये. दाब सुटताच आतलं पाणी एका क्षणात उकळून तोंडावर येतं. किमान अर्धा-पाऊण तास थांबावं, आणि तापलेल्या इंजिनावर किंवा आत गार पाण्याची बादली ओतू नये, त्याने हेडला किंवा ब्लॉकला तडा जातो.

हेड उतरवायचीच वेळ आली तर पैसा कशात जातो ते माहीत असावं. गॅसकेटची किंमत त्यात किरकोळ असते, मजुरी, फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं) आणि ऑइल-कूलंट यात खर्च होतो. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय बोल्टांना पाना लावायचा नाही, आणि बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे ढिले करायचे. हेडवर सरळ पट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवून खालून फिलर गेज घालून बघायचं. बहुतेक गाड्यांना ०.०५ मिलिमीटरच्या पुढचा बाक चालत नाही. मग फेसिंग, पण आधी तडा तपासून, नाहीतर तडा गेलेल्या हेडवर पैसे जातात. डिझेलमध्ये जास्त फेसिंग केलं तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागण्याची भीती असते, आणि अनेक डिझेल इंजिनांना गॅसकेट वेगवेगळ्या जाडीचं येतं. जाडीची खूण कडेला खाचांनी किंवा भोकांनी केलेली असते. दुकानातून आणलेलं गॅसकेट जुन्याशेजारी ठेवून त्या खुणा जुळवाव्यात. ब्लॉकचा पृष्ठभाग ग्राइंडरच्या चकतीने चमकवू नये. त्याने खळगे पडतात आणि चकतीची भुकटी ऑइलमधून बेअरिंगपर्यंत पोचते. जुन्या इंजिनाचं पॅकिंग असेल तर ते कोरडं खरवडू नये, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याची धूळ फुप्फुसात राहते. ओलं करून काढावं. बोल्टांच्या भोकांत साचलेलं पाणी-ऑइल पुसून घ्यावं, नाहीतर बोल्ट आवळताना तेच आत दाबलं जाऊन ब्लॉक चिरतो. स्टीलच्या गॅसकेटला वरून सिलिकॉन फासण्याची सवय मोडायला हवी. आणि बोल्ट मध्यापासून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच. अनेक गाड्यांत टॉर्कनंतर ठराविक अंश फिरवायचे असतात. त्या बोल्टांना ताण देऊन लांबवलेलं असतं, ते दुसऱ्यांदा वापरायचे नसतात. हाताच्या अंदाजावर विश्वास असलेले मिस्त्री मी पाहिले आहेत आणि त्यांचा अंदाज थक्क करणारा असतो, पण बोल्टाचे ९० अंश हाताला कळत नाहीत.

नवं गॅसकेट तीन महिन्यांत परत गेलं, असं सांगणारे खूप भेटतात. त्यांना मी एकच विचारतो: पहिलं का गेलं होतं ते कुणी शोधलं का? रेडिएटर खोलून साफ केला का, पंखा वेळेवर लागतो का, वॉटर बॉडीची, म्हणजे पाण्याच्या पंपाची, पाती झिजली का, झाकण नवं आहे का? यातलं काहीच पाहिलं नसेल तर नव्या गॅसकेटला जुन्याच भट्टीत बसवलेलं असतं. हेड उघडलेलंच असताना ही सगळी कामं थोड्या खर्चात उरकतात. जोडणी झाल्यावर कूलंट भरताना हवा पूर्ण काढावी, आत अडकलेला एक बुडबुडा हेडचा एक कोपरा कोरडा ठेवायला पुरेसा असतो. पुढचे आठ-दहा दिवस रोज सकाळी गार गाडीत टाकीवरची पातळी बघावी आणि खडूने खूण करावी. पहिल्या दोन दिवसांत ती थोडी उतरली तर ती उरलेल्या हवेची जागा. त्यानंतरही उतरत राहिली आणि खाली फरशी कोरडी असेल, तर मिस्त्रीकडे जाऊन हेडचा तडा परत तपासायला सांगावा.